सुरतेचा दगडी जमाखर्च

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याजवळ, रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका आवारात घुमटांची दाटी आहे. दुरून ते मोगल सरदारांचे मकबरे वाटतात. कमानी, छत्र्या, कठडे, वर जाणारे जिने, सगळी घडण गुजरातच्या मुसलमानी इमारतींच्या वळणाची. आत मात्र सरदार नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकांत कापड, नीळ आणि मसाल्याच्या व्यापारासाठी आलेले इंग्रज वखारवाले इथे पुरलेले आहेत. थोड्याच अंतरावर डचांचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या वलंदेजांचे, कब्रस्तान आहे आणि त्याच्या शेजारी आर्मेनियन लोकांचे. तिन्ही जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. रिक्षावाल्याला नुसते ‘डच’ म्हटले, तर तो नानपुऱ्यातल्या डच गार्डनला नेऊन सोडण्याचा संभव असतो. ती बाग वेगळी, हे कब्रस्तान वेगळे. लिंबायत-उधन्याकडचा एखादा खानदेशी रिक्षावाला भेटला, तर तो सरळ मराठीतच विचारतो, ‘तिथं काय आहे बघायला?’

बघायला घुमट आहेत. पण खरी गंमत त्यांच्या पोटातल्या लेखांत आहे, आणि ते लॅटिनमध्ये असल्यामुळे फाटकावरच्या रखवालदारापासून हौशी छायाचित्रकारापर्यंत सगळे त्यांना वळसा घालून जातात.

व्यापाऱ्यांच्या थडग्यांना एवढा थाट कशासाठी, याचे उत्तर सुरतेच्या बाजारात होते. मोगल अमलात माणसाचे वजन त्याच्या लवाजम्यावरून जोखले जाई. वखारीचा अध्यक्ष रस्त्यावर निघाला की पुढे निशाण, मागे शिपाई आणि चाकर. जिवंतपणी जे दाखवायचे तेच मेल्यावरही दाखवायचे, शिवाय शेजारच्या डचांपेक्षा आपला घुमट खुजा दिसता कामा नये. कंपनीचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये सुरतेला आला होता. इंग्रज आणि डच यांच्यातली ही थडग्यांची चढाओढ त्याच्या प्रवासवर्णनातही नोंदलेली आहे. चढाओढीला माल कमी पडत नसे. किनाऱ्यावरच्या हवेत नवा आलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढतो की नाही, अशी धास्ती त्या काळी मुंबईच्या इंग्रजांत बोलली जाई. सुरतेची हवा थोडी बरी, एवढाच काय तो दिलासा.

इंग्रजांच्या आवारातला सर्वांत जुना लेख फ्रान्सिस ब्रेटन या अध्यक्षाचा आहे. तो २१ जुलै १६४९ रोजी वारला. लेखात दगडच वाटसरूशी बोलतो: तू ख्रिस्ती अस वा आणखी कुणी, क्षणभर थांब आणि हा संगमरवर काय म्हणतो ते ऐक. पुढे माहिती येते की ब्रेटनने पाच वर्षे कंपनीची चाकरी इमानेइतबारे केली आणि त्याचे लग्न झाले नव्हते. म्हणून तो स्वर्गातल्या विवाहासाठी वर निघून गेला. शेवटी, एवढेच सांगायचे होते, आता जा, असा निरोप. दगडाच्या तोंडी बोलणे घालण्याची ही रीत युरोपात फार जुनी, रोमन काळापासूनची. रोमन रस्त्यांच्या कडेला थडगी असत आणि येणारा-जाणारा ती खरोखर वाचत असे. सुरतेत मात्र ही हाक ज्याला वाचता येणार नाही अशाच वाटसरूला घातली होती.

या आवारातली सर्वांत मोठी इमारत ऑक्झिंडेन बंधूंची. उंची सुमारे ४० फूट, व्यास सुमारे २५. एका थडग्यावर दुसरे बांधलेले आहे. आत धाकटा ख्रिस्तोफर, १८ एप्रिल १६५९ रोजी वारलेला. त्याला कवेत घेऊन बाहेरून उभा राहिलेला दुमजली डोलारा थोरल्या सर जॉर्जचा. जड खांब, त्यांवर घुमट, घुमटावर पुन्हा मोकळी छत्री आणि तिच्या माथ्यावर उघड्या कमानींची क्रुसाच्या आकाराची घडण. खालून मान वर करून पाहिले, तर मोगली शरीराला ख्रिस्ती टोपी घातल्यासारखे दिसते.

जॉर्ज ऑक्झिंडेनची ओळख मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचा अध्यक्ष हाच. मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला असताना त्याने मूठभर माणसांनिशी वखार धरून ठेवली. त्याबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली आणि कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले. पुढे १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आले तेव्हा त्याचा कारभारही त्याच्याकडेच आला, आणि १४ जुलै १६६९ रोजी तो सुरतेतच वारला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिलेला हेन्री ऑक्झिंडेन याच घराण्यातला. जॉर्जच्या लेखात पदव्या, पितृनाम आणि गौरव यांची रीतसर आरास आहे. मोठ्या माणसाचा लेख असाच असतो आणि वाचून झाल्यावर फारसे काही लक्षात राहत नाही.

लक्षात राहतो तो ख्रिस्तोफर. त्याच्या नावावर लढाई नाही, तह नाही. तो वखारीतला एक व्यापारी होता, आणि त्याचा लेख रचणाऱ्याने कीर्द-खतावणीचीच भाषा वापरली. लेखाचा आशय असा: जिवंतपणी हा चोख व्यवहाराचा नमुना होता, मरणाने तो आयुष्य किती तकलादू असते याचा दाखला झाला. आला आणि गेला. खात्यात त्याला दिवसच मांडता आले, वर्षे मांडता आली नाहीत, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मग लेख थेट लंडनच्या मालकांकडे वळतो. धनीहो, तुमचा नफा काय आणि तोटा काय, असे विचारता? तुमचा एक नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला. पण पानाच्या दुसऱ्या अंगाला तो लिहू शकतो की मरण हा माझा लाभ.

शेवटची ओळ सेंट पॉलच्या पत्रातली आहे आणि ख्रिस्ती थडग्यांवर ती कुठेही भेटते. इथे मात्र ती नेमक्या रकान्यात बसवली आहे. तीन रकमा नावे टाकल्या, एक जमा धरली आणि खाते मिटवले. वहीची डावी-उजवी बाजू ज्याने रोज पाहिली आहे त्यालाच हे सुचावे. लिहिणाऱ्याचे नाव दगडावर नाही, पण ‘आमचा सोबती’ या शब्दांवरून तो त्याच वखारीत, त्याच लांब मेजावर शेजारी बसणारा कुणी असावा. धन्यांना नफा-तोटा विचारण्याचा टोमणाही त्याचाच. घरापासून हजारो कोस दूर माणसे मरत होती आणि लंडनहून येणाऱ्या पत्रांत मालाच्या भावाची चौकशी असे. ती बोच या ओळींत आहे. दुःख इतक्या कोरड्या शब्दांत सांगणारे लेख पश्चिम भारतात थोडेच असतील.

याच आवारात एक मोठी उणीवही आहे. जॉर्जनंतर अध्यक्ष झालेला जेराल्ड आँजियर ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला. मुंबईला मुंबई करण्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो हा माणूस. न्यायालय, टांकसाळ, बेटावरच्या जुन्या जमीनमालकांशी १६७२ मध्ये केलेला करार, निरनिराळ्या जातींच्या व्यापाऱ्यांना दिलेला आसरा ही सगळी त्याची कामे. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलची उभारणीही त्याच्याच पुढाकाराने सुरू झाली. त्याचे म्हणून जे थडगे दाखवतात, ते केवळ अंदाजाने. मूळ लेख त्यावर नाही. धाकट्या ऑक्झिंडेनला शब्द मिळाले, आँजियरला नाहीत. मुंबईच्या कोणा संस्थेला या थडग्याची अधूनमधून तरी आठवण व्हायला हरकत नव्हती.

अठराव्या शतकात भाषा बदलते. लॅटिन मागे पडून इंग्रजी पुढे येते आणि बायकांचे लेख दिसू लागतात. त्यांत मेरी प्राइसचा लेख वेगळा. इंग्रजांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेतला, त्यानंतरच्या एका किल्लेदार-अधिकाऱ्याची, विल्यम अँड्र्यू प्राइसची, ही बायको. एप्रिल १७६१ मध्ये ती देवीने गेली, वय २३. देवीच्या फोडांनी डागाळलेल्या पडद्याआडून तिने आपला निष्कलंक आत्मा देवाला परत केला, अशा अर्थाची ओळ तिच्यासाठी कोरलेली आहे. कल्पना त्या काळच्या इंग्रजी लेखांत रुळलेली होती, तरी इथे ती टोचते. याच किनाऱ्यावर, मुंबईत, देवीची पहिली लस एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली ती १८०२ मध्ये, मेरीनंतर ४१ वर्षांनी.

डचांच्या कब्रस्तानात सगळी नजर एकाच इमारतीवर जाते. अष्टकोनी, दुमजली, खाली-वर सज्जे आणि खांबांची ओळ. हे हेन्ड्रिक आड्रियान फान ऱ्हेडे याचे थडगे. भिंतींवर पूर्वी चित्रे, कुलचिन्हे आणि बायबलमधली वचने होती, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होते. आता त्यातले शोधावे लागते. लेखात त्याच्या पदांचा तपशील आहे आणि मरणाचा ठावठिकाणा एखाद्या गलबताच्या रोजनिशीसारखा: कोचीहून सुरतेला येताना, जहाजावर, मुंबईच्या अक्षांशावर, १५ डिसेंबर १६९१. डच कंपनीतली लाचखोरी खणून काढायला त्याला सर्वाधिकारी म्हणून पाठवले होते, त्यामुळे त्याच्यावर विषप्रयोग झाला अशी कुजबुज तेव्हाही झाली. जानेवारी १६९२ च्या सुरुवातीला त्याला इथे पुरले. ज्यांचे हिशेब तपासायला तो निघाला होता त्यांच्याच कंपनीने त्याला सुरतेतली सर्वांत देखणी कबर बांधून दिली, यात थोडे हसू येण्याजोगे आहे.

लेख ज्याबद्दल पुरेसे बोलत नाही ते त्याचे खरे काम. मलबारात कमांडर असताना त्याने तिथल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ घडवून आणला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला, म्हणजे अखेरचा खंड त्याच्या मरणानंतर. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीचे तीन सारस्वत वैद्य होते. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले. या तिघांनी २० एप्रिल १६७५ रोजी दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणीत छापलेला आहे. नागरीतल्या छापील कोंकणीचा तो सर्वांत जुना नमुना मानतात. सुरतेतल्या अष्टकोनाचा गोव्याशी धागा जुळतो तो असा, आणि आवारात त्याचा कुठेही उल्लेख नाही.

याच डचांपैकी एका अधिकाऱ्याची गोष्ट ओव्हिंग्टनने सांगितली आहे. गडी पिण्याचा शौकीन. त्याच्या थडग्याच्या माथ्यावर मद्याचे मोठाले प्याले घडवलेले होते. मित्र तिथे जमत, त्याच्या आठवणीत प्याले रिकामे करत आणि त्याला आठवता आठवता स्वतःलाच विसरत, असा पाद्रीबोवांचा शेरा. ते प्याले आज दिसत नाहीत, गोष्ट मात्र टिकली.

आर्मेनियन कब्रस्तानात घुमटांचा डौल नाही. बहुतेक सपाट शिळा आणि त्यांवर दाट, टोकदार अक्षरे. हे लोक इंग्रज-डचांच्या आधीपासून सुरतेत होते. त्याचा पुरावा म्हणजे वोस्कान नावाच्या धर्मगुरूच्या पत्नीची, मारिनासची, शिळा. लेखावर आर्मेनियन शकाचे १०२८ वर्ष आहे. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवतो तसे त्यात ५५१ मिळवले की १५७९ हे साल येते, म्हणजे सुरतेत इंग्रजांची वखार निघण्याच्या ३० वर्षांहून आधीचे. ती नवऱ्याच्या माथ्यावरचा मुकुट होती, असे बायबलमधल्या शलमोनाच्या नीतिवचनांना धरून म्हटले आहे. तिचे वय ५३ दिले आहे. या शिळा वाचणारे सुरतेत आता कुणी उरलेले नाही. मेस्रोव्ब सेठ या कोलकात्याच्या आर्मेनियन संशोधकाने अशा कितीतरी लेखांचे वाचन विसाव्या शतकात ग्रंथबद्ध केले, म्हणून तेवढे तरी कळते.

तिन्ही ठिकाणी निळा सरकारी फलक आहे. त्यावर कायद्याचे कलम आणि दंडाची रक्कम ठळक. आत कोण आहे ते शोधत बसावे लागते. चारी बाजूंनी घरे आणि कारखाने भिंतीला टेकले आहेत. गिलाव्यावर अलीकडच्या प्रेमिकांनी आपापली नावे कोरली आहेत, तीही आता समाधिलेखांइतकीच खोल. जुन्या अक्षरांच्या सलगपणे घेतलेल्या नकला एकोणिसाव्या शतकातल्या, बेलासिस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या नोंदींतल्या. त्यानंतर पाऊस पडतच आहे. प्रत्येक लेखाचे गुजराती आणि हिंदी भाषांतर शेजारी लावायला फार खर्च आला नसता.

शहराबाहेर, सुवाळी बंदराच्या अंगाला राजगरी गावाजवळ आणखी एक छोटा घुमट आहे. परंपरेने तो टॉम कोरिएटचा. सॉमरसेटमधल्या ऑडकोम गावचा हा अवलिया. युरोपात पायी हिंडून त्याने १६११ मध्ये प्रवासाचे जाडजूड पुस्तक छापले आणि झिजलेले जोडे गावच्या चर्चमध्ये टांगले. नंतर तो अलेप्पोहून निघून, बहुतेक वाट पायीच तुडवत, १६१५ मध्ये अजमेरला जहांगिराच्या मुक्कामी पोहोचला. त्याने फारसीत भाषण ठोकून बादशहाकडून १०० रुपये मिळवले, आणि राजदूत टॉमस रो याला ते मुळीच आवडले नाही. डिसेंबर १६१७ मध्ये तो आमांशाने खंगून सुरतेला आला. वखारीतल्या देशबांधवांनी विलायतेहून आलेले मद्य पुढे केले, त्याला नाही म्हणवले नाही, आणि थोड्याच दिवसांत तो गेला. घुमटावर लेख नाही आणि बांधणी पूर्ण मुसलमानी, त्यामुळे तो खरेच त्याचा का, याबद्दल जाणकारांना शंका आहे. पण तापीच्या मुखाशी येणाऱ्या जहाजांना तो समुद्रावरून खुणेसारखा दिसे, आणि ब्रिटिश आरमाराच्या जुन्या सागरी नकाशात त्या ठिपक्याशेजारी छापलेले असे: टॉम कोरिएटची कबर.