टिप्पर आपला, ठेका कोणाचा?

वर्धा जिल्ह्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत रस्त्यांची आणि रुळांची कामे उदंड झाली. बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ रस्ता चौपदरी झाला. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून गेला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गावर वर्धा ते कळंब अशी गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये धावली. या सगळ्या कामांना मुरूम लागला, गिट्टी लागली, रेती लागली. हा माल ज्याच्या पाठीवरून जातो ते वाहन म्हणजे टिप्पर. याच काळात आपल्या वस्त्यांतील तरुण टिप्परवर चढले. बहुतेक ड्रायव्हर म्हणून चढले, काही मोजके मालक म्हणून. जे मालक झाले त्यांच्यापैकी किती जणांची गाडी पाच वर्षांनी त्यांच्याच दारात उभी आहे, हा प्रश्न चळवळीने विचारायला हवा.

गिट्टी फोडणे, मुरूम भरणे, घमेले वाहणे हे आपल्या समाजाला नवीन नाही. आपल्या आजोबा-आजींनी दुष्काळी कामांवर हेच केले. टोपल्यातला माल टिप्परमध्ये गेला, एवढ्याने परिस्थिती बदलत नाही. काम कोणाच्या नावावर निघते आणि बिल कोणाच्या खात्यात जमा होते, यावर सारे ठरते. वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिराचे दार १९२८ साली अस्पृश्यांसाठी उघडले, त्याचे कौतुक आजही ऐकू येते. पण ठेकेदारांच्या यादीचे दार कोणी उघडले?

ते दार ठोठावले बाबासाहेबांनी. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात केवळ शिक्षण आणि नोकऱ्या नव्हत्या. सरकारी ठेक्यांचा मुद्दाही त्यांनी मांडला. केंद्रीय बांधकाम खात्याच्या यादीत हजारावर ठेकेदार आणि त्यांत अस्पृश्य फक्त एक, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वेळी ते स्वतः व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. आपण राखीव जागांचा लढा पुढे नेला, तो नेलाच पाहिजे होता. पण ठेक्याचा मुद्दा मात्र मागे राहिला. त्याची किंमत आजचा टिप्परमालक मोजतो आहे.

कशी मोजतो, ते नीट हिशेबाने पाहू.

पहिली गोष्ट कर्जाची. नवा सहाचाकी टिप्पर पंचवीस लाखांच्या घरात जातो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत प्रकल्पाची मर्यादा वर्षानुवर्षे पाच लाखांची राहिली. म्हणजे महामंडळाने आपल्याला किराणा दुकान आणि म्हशी यांपर्यंतच मोजले. बँकेत गेले की मॅनेजर सातबारा आणि जामीनदार मागतो. भूमिहीनाने सातबारा आणायचा कुठून? म्हणून तरुण खाजगी फायनान्सकडे जातो आणि जुनी गाडी घेतो. तिथे त्याला सांगतात, 'व्याज फक्त दहा टक्के.' हे दहा टक्के सरळ दराचे असतात. बारा लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले, तर व्याज चार लाख ऐंशी हजार आणि हप्ता पस्तीस हजार. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण बारा लाखांवर लावलेले असते. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले तर हा दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. सही करण्यापूर्वी 'घटत्या शिलकीवर दर किती?' हा एक प्रश्न विचारला, तरी दोन कंपन्यांची तुलना करता येते.

दुसरी गोष्ट दिवसांची. हप्ता बारा महिने असतो, धंदा बारा महिने नसतो. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढण्यास बंदी असते. पावसाळ्यात मुरमाची आणि मातीची कामेही थंडावतात. त्यात गाडी गॅरेजमध्ये उभी राहण्याचे दिवस धरा. वर्षात गाडी दोनशे दिवस चालली असे समजू. पस्तीस हजारांचे बारा हप्ते म्हणजे चार लाख वीस हजार. त्याला दोनशेने भागा. चालण्याच्या प्रत्येक दिवशी एकवीसशे रुपये हप्त्यासाठीच बाजूला पडले पाहिजेत. डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर, पाटे, विमा, कर आणि फिटनेस हा सगळा खर्च त्यानंतरचा. ज्याने खेपेचा भाव ठरवताना हा एकवीसशेचा आकडा डोळ्यांसमोर ठेवला नाही, त्याचा दिवाळीत हातात पैसा खुळखुळतो आणि पोळ्याला फायनान्सवाले दारात येतात.

गाडी ओढून नेण्यासाठी ते धटिंगण घेऊन आले, तर घाबरू नका. कर्जवसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या पद्धतीचा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निषेध केला आहे. वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे. पण त्याचा अर्थ हप्ता बुडवावा असा नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट वजनाची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रेतीचा एक ब्रास साधारण साडेचार टन भरतो, ओली असली तर जास्तच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने सहाचाकी गाडीची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली. गाडीचे स्वतःचे वजन सात टन धरले तर माल उरतो साडेअकरा टन, म्हणजे अडीच ब्रास. ठेकेदार मात्र भाव ठरवतो तीन ब्रासचा. तीन ब्रास भरले की दोन टन जास्त होतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार ठरवले. म्हणजे अर्ध्या ब्रासच्या मोहापायी चोवीस हजार. शिवाय पाटे तुटतात, टायर फुटतात, आणि उतारावर ब्रेक लागला नाही तर माणूस जातो. दंडाची पावती गाडीमालकाच्या नावाने फाटते. ठेकेदाराचे नाव त्यात कुठेच नसते.

चौथी गोष्ट सर्वात धोक्याची, रात्रीच्या रेतीची. वर्धा आणि वणा या नद्यांच्या घाटांवर रात्रीच्या खेपेला दिवसापेक्षा जास्त भाव मिळतो, हे कोणापासून लपलेले नाही. हप्ता थकला की तरुण तिकडे वळतो. महसूल कायद्यात चोरट्या गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपट दंड आहे, आणि २०१८ च्या नियमाने डंपर सोडवायला वेगळे दोन लाख रुपये ठरवले. दोन लाख म्हणजे साडेपाच महिन्यांचे हप्ते, आणि तोवर गाडी तहसीलच्या आवारात गंजत उभी. घाट ज्याच्या इशाऱ्यावर चालतो तो कधी गाडीत बसलेला नसतो. पकडला जातो तो हप्त्याचा मारलेला मालक आणि त्याचा ड्रायव्हर. दोघेही बहुधा आपल्याच वस्तीतले. शिवाय नदी खोल गेली की काठावरच्या विहिरी आटतात, आणि सर्वात आधी पाणी तुटते ते गावाबाहेरच्या वस्तीचे. म्हणून वाहतूक पास नसलेली खेप घ्यायची नाही, हा नियम धंद्याचाही आहे आणि चळवळीचाही.

आता मूळ दुखणे. मोठा ठेका मोठ्या कंपनीला मिळतो. ती काम पेटी कंत्राटदाराला देते, तो आणखी एकाला, आणि शेवटी खेपेच्या भावावर आपला टिप्पर लागतो. वर सरकारचे बिल अडकले की सर्वात आधी खालच्याचे पैसे थांबतात. २०२५ साली तर राज्यातील ठेकेदारांच्या संघटनाच थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या. जिथे ठेकेदाराची ही अवस्था, तिथे तोंडी बोलीवर गाडी लावणाऱ्याचे काय?

यावर कायद्यात उपाय आहे, पण तो कागद मागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' नावाने ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. म्हणून गाडी घेतली की आधी उद्यम नोंदणी, मग भावाचे आणि मुदतीचे लेखी पत्र, प्रत्येक खेपेची सही घेतलेली चिठ्ठी आणि दर पंधरा दिवसांनी बिल. हे सारे नीट ठेवणारा माणूस घरात हवा. बारावी-पदवी झालेली बायको किंवा बहीण ही वही उत्तम सांभाळते, हे आपल्या घराघरात सिद्ध झाले आहे.

सरकारच्या जबाबदारीचे काय? स्टँड-अप इंडिया योजना ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला दहा लाख ते एक कोटी कर्ज द्यावे, अशी ती होती. राज्यानेही अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांच्या हिश्श्यातील पंधरा टक्के रक्कम देण्याचे ठरवले, म्हणजे अर्जदाराला स्वतःचे दहा टक्केच घालायचे होते. योजनेची ठरलेली मुदत २०२५ पर्यंतची. या नऊ वर्षांत वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी येथील एकेका सरकारी बँक शाखेने किती कर्जे दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आकडा हातात घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी चार टक्के वाटा ठरवला आहे. तो वर्षानुवर्षे कागदावर राहिला. जानेवारी २००२ मध्ये भोपाळच्या परिषदेने सरकारी खरेदीत वाटा मागितला. कर्नाटकने २०१७ मध्ये पन्नास लाखांपर्यंतच्या सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखून ठेवली आणि २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटी केली. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राने हे का करू नये? ही मागणी आपल्या एकाही मोर्चाच्या निवेदनातून सुटता कामा नये.

मात्र मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. एकटा टिप्पर ठेकेदारापुढे भाव ठरवू शकत नाही, दहा टिप्पर ठरवू शकतात. सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र आली की संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. तालुक्यातील दहा मालकांनी वाहतूक संस्था काढावी. अडीच ब्रासच्या वर भरायचे नाही, पासशिवाय हलायचे नाही आणि लेखी पत्राशिवाय गाडी लावायची नाही, हे तीन नियम ठरवावेत. टायर एकत्र घ्यावेत, विमा एकत्र काढावा. चालू दिवसांत प्रत्येक खेपेमागे थोडी रक्कम पावसाळ्याच्या खात्यात टाकावी. आणि आपल्या गाडीवरच्या ड्रायव्हरला वेळेवर पगार, पुरेशी झोप आणि अपघात विमा द्यावा. आपण मालक झालो म्हणून तो गुलाम होणार असेल, तर बदलले काय?

विहारात दर रविवारी वंदना होते, धम्मप्रवचन होते. महिन्यातून एका रविवारी तिथेच तासभर फायनान्सचा करारनामा वाचून समजावला, तरी कित्येक गाड्या वाचतील. बँकेत, विक्रीकरात, बांधकाम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले आपले अधिकारी प्रत्येक शहरात आहेत. समाजाचे देणे फेडण्याची ही त्यांची वेळ आहे.

बाबासाहेबांनी १९४२ साली दाखवलेली ती यादी आजही आपल्या बांधकाम विभागात आहे. तिच्यात आपली नावे किती, ते मोजायला सुरुवात करू या. टिप्पर आपला झाला, आता ठेकाही आपला झाला पाहिजे. जयभीम!