पाळण्यातले पाय आणि चाळिशी

गुन्हेगाराच्या आयुष्यात मागे मागे जाऊन पाहा; हलाखीचं, मारहाणीचं बालपण बहुतेकदा सापडतं. त्यावरून ‘बालपण नासलं की माणूस नासला’ असं आपण म्हणून मोकळे होतो. पण तसंच बालपण काढून पुढे नीट संसार करणारी माणसं तुरुंगात भेटतच नाहीत. मग ती हिशेबात येणार कशी?

मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर, रूथ स्मिथ आणि सहकाऱ्यांनी वाट उलटी धरली. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग त्यांनी चाळिशीपर्यंत ठेवला. उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या जपानी, फिलिपिनो कुटुंबांतली आणि मूळ हवाईयन घरांतली ही मुलं. साधारण ३० टक्क्यांच्या वाट्याला गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, बापाची दारू, घरातली भांडणं, आईचा मानसिक आजार असं बरंच काही एकदम आलं होतं. त्यांतली दोनतृतीयांश मुलं पुढे अडखळली: कुणी शाळेत, कुणी पोलिसांच्या तावडीत. उरलेली एकतृतीयांश अठराव्या वर्षी व्यवस्थित आपल्या पायांवर उभी होती.

ती तरली कशी? थोडा वाटा स्वभावाचा. हसऱ्या बाळाला कुणीही उचलून घेतं. पण बहुतेकांच्या मागे एखादं पक्कं माणूस होतं. आजी, मावशी, थोरली बहीण, कधी शाळेतल्या बाई. ते आईवडिलांपैकीच असावं लागत नव्हतं. शिवाय यांतल्या अनेकांवर घरकामाची, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी होती. (‘त्याला काम सांगू नका, परीक्षा आहे’ म्हणणाऱ्या घरांनी हे वाचावं.)

मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याचीच चर्चा कमी होते. अठराव्या वर्षी ज्यांची आशा सोडावी अशी स्थिती होती, त्यांतले बरेच जण तिशी-चाळिशीत सावरलेले दिसले. कुणी कॉलेजात पुन्हा नाव घातलं, कुणी सैन्यात गेलं, कुणाला भरवशाचा जोडीदार मिळाला, कुणाला चर्चमधली मंडळी. मानसोपचारांकडे वळलेले थोडेच.

सगळे सावरले नाहीत. आणि जे लहानपणीच तरले, त्यांचंही सगळं फुकटात झालं नव्हतं. त्यांतल्या काहींनी आईवडिलांच्या भानगडींपासून स्वतःला जाणूनबुजून लांब ठेवलं होतं, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ताणातून येणारी दुखणी त्यांच्यातल्या काहींनाही जडलेली होती.