दाढेचा ठणका थांबला म्हणजे संसर्ग गेला का? रूट कॅनाल समजून घ्या

दाढ ठणकू लागली की बरेच जण आधी फॅमिली डॉक्टरकडे येतात. "डॉक्टर, सध्या अँटिबायोटिक द्या, दाताचं नंतर बघू," ही मागणी उपनगरातल्या आम्हा जनरल फिजिशियनना नेहमीची आहे. गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत बरं वाटतं आणि दंतवैद्याकडे जाणं राहून जातं. पुढे कधीतरी तीच दाढ पुन्हा ठणकते, या वेळी गालावर सूज घेऊन.

गोळ्या का पुरत नाहीत?

दाताच्या कडक कवचाच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो. त्याला पल्प म्हणतात. कीड तिथपर्यंत पोहोचली की पल्पला सूज येते, पण चारी बाजूंनी कडक भिंती असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून ठणका असह्य होतो आणि रात्री आडवं झाल्यावर वाढतो.

काही काळाने पल्प मरतो आणि दुखणं अचानक थांबतं. बरं झालं असं वाटतं, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात आणि तिथे पू साठू लागतो.

अँटिबायोटिक रक्तातून पोहोचतं. मेलेल्या पल्पला रक्तपुरवठाच नसतो. त्यामुळे औषध आजूबाजूचा संसर्ग तात्पुरता दाबतं, दाताच्या आतला तसाच राहतो. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर अँटिबायोटिक लागतं, पण तेही दाताच्या उपचाराच्या जोडीला.

रूट कॅनालमध्ये काय करतात?

आधी एक्स-रे काढतात. मग इंजेक्शन देऊन दात बधिर करतात. वरून छोटं छिद्र पाडून खराब पल्प काढतात, मुळांतल्या नळ्या बारीक फाइलने साफ करतात आणि जंतुनाशक द्रावणाने धुतात. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, दाढेला तीन-चार. शेवटी नळ्या गुटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. एक ते तीन भेटी लागतात. नंतर काही दिवस चावताना थोडं दुखू शकतं.

दाढेवर कॅप बसवणं टाळू नका. उपचार झालेली दाढ पोखरलेली असते, कॅपशिवाय ती चावताना तुटू शकते.

दात फारच तुटला असेल तर काढावा लागतो. पण वाचण्यासारखा असेल तर वाचवलेला बरा, कारण रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात.

दंतवैद्याला आधी हे सांगा

- मधुमेह असेल तर अलीकडची साखर. वाढलेल्या साखरेत संसर्ग लवकर पसरतो.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिचं नाव. ती स्वतःहून बंद करू नका.
- हृदयात कृत्रिम झडप असल्यास ते नक्की सांगा. उपचाराआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो.
- हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं किंवा इंजेक्शन. अशा रुग्णांत दात काढणं टाळलेलं चांगलं.
- गर्भारपण. उपचार करता येतो, तीन ते सहा महिन्यांचा काळ सोयीचा.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवू नका, तिथे भाजतं. सुजलेला गाल शेकू नका.

या वेळी थांबू नका

जबड्याखाली किंवा मानेवर सूज, जिभेखालचा भाग उचलला जाणं, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, डोळ्याभोवती सूज, थंडी वाजून ताप: यांपैकी काहीही असेल तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. दाताचा संसर्ग मानेत उतरून श्वासनलिकेवर दाब आणू शकतो, आणि तेव्हा हाताशी फक्त काही तास असतात.

खर्चामुळे थांबला असाल तर

खासगी दवाखान्यातला खर्च परवडत नाही म्हणून अनेक जण गोळ्यांवर दिवस काढतात. मुंबईत दोन सार्वजनिक दंत महाविद्यालयं आहेत. अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय सोयीचं, तर मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. तिथे खर्च बराच कमी येतो. गर्दी असते, भेटी जास्त होतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचा आणि जुने एक्स-रे, चालू औषधांची यादी सोबत ठेवा. ठणका थांबलेला असला तरी जा.