बी. ए. वांचून एम. ए. होतां येतें काय ?

घोडेगांवच्या बाजारांत पालक भेटले म्हणजे शाळेच्या गोष्टी निघतातच, आणि त्या ओघांत एक प्रश्न आम्हांस पुनः पुनः विचारला जातो : "गुरुजी, मुलीचें शिक्षण बारावीनंतर राहून गेलें. आतां ती एकदम एम. ए. ला बसली तर चालेल काय ?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यांत घरच्या कष्टाचा पैसा व मुलांच्या आयुष्यांतील दोन-तीन वर्षें गुंतलेलीं असतात. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर हे त्यांपैकींच. दोघेही पुढें एम. ए. झाले. आधीं बी. ए., मग एम. ए., ही आपल्याकडील रीत तेव्हांपासूनची आहे. परंतु ती साऱ्या जगाची रीत नव्हे. स्कॉटलंडांतील एडिंबरो, ग्लासगो यांसारख्या जुन्या विद्यापीठांत वाङ्मयादि विषयांची पहिलीच पदवी एम. ए. या नांवानें देतात व तिला चार वर्षें लागतात. जुन्या मिशन शाळांतून तिकडून आलेल्या कित्येक शिक्षकांच्या नांवापुढें अशीच एम. ए. असे. मात्र नांव मोठें असलें तरी ती पहिलीच पदवी होय. इंग्लंडांत कांहीं विद्यापीठें कामाचा दीर्घ अनुभव पाहून, पदवी नसलेल्या प्रौढांसही वरच्या वर्गांत घेतात.

भारतांत मात्र नियम कडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९८५ सालीं असें ठरविलें कीं, तीन वर्षांची पहिली पदवी पुरी केल्यावांचून कोणासही एम. ए. च्या वर्गांत प्रवेश मिळूं नये. तरीही मुक्त शिक्षणाच्या नांवाखालीं कांहीं विद्यापीठें थेट एम. ए. देत राहिलीं. तमिळनाडूंत अशाच पदवीच्या बळावर एका गृहस्थांस चित्रपट-शिक्षणसंस्थेचें प्राचार्यपद मिळालें. वाद न्यायालयांत गेला. अण्णामलै विद्यापीठाच्या या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं निर्णय दिला कीं, पहिल्या पदवीवांचून मिळविलेली ती एम. ए. ग्राह्य नाहीं, मागाहून कोणी मान्यता दिली तरी मूळची उणीव भरून निघत नाहीं. अभ्यास झाला होता, प्रमाणपत्र हातीं होतें. परंतु खालची पायरी नसल्यामुळें वरची टिकली नाहीं.

तथापि दोन सरळ वाटा आहेत. पहिली, बारावीनंतरचा पांच वर्षांचा जोड अभ्यासक्रम. पुण्यास २००६ सालीं स्थापन झालेल्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेंत असा अभ्यासक्रम चालतो. येथें पहिली पदवी गाळली जात नाहीं. दोन्ही पायऱ्या एकाच जिन्यांत बांधलेल्या असतात. दुसरी वाट चार्टर्ड अकाउंटंटची. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, पुढें आणखी कठीण परीक्षा, आणि जाणत्या हिशेबनीसाच्या हाताखालीं उमेदवारी. यास बी. कॉम. लागत नाहीं, आणि २०२१ सालीं आयोगानें ही पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानिली आहे.

ज्यांचें शिक्षण मध्येंच थांबलें, त्यांनीं आधीं बी. ए. करावें हेंच उत्तम. आमच्या घोडेगांवांतच बी. डी. काळे महाविद्यालय आहे. शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणारांसाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करीत आहे. "थेट एम. ए. मिळवून देतों" असें कोणी म्हणाल्यास, पालकहो, पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारा. संस्थेचें नांव आयोगाच्या यादींत आहे काय ? त्या अभ्यासक्रमास मान्यता आहे काय ? प्रवेशाच्या वेळीं पहिली पदवी मागतात काय ? जी संस्था पदवी मागत नाहीं, तिनें दिलेल्या पदवीस पुढें कोणी विचारणार नाहीं.

पदवी म्हणजेच विद्या नव्हे, हें आम्ही जाणतों. गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासासाठीं ते सिंहलद्वीपापर्यंत गेले. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनीं पाली ग्रंथाच्या संपादनाचें काम केलें. आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत पाली शिकविली. परंतु पदवीवांचूनची त्यांची वाट सोपी नव्हती. पदवीच्या वाटेहून ती कितीतरी बिकट होती. विद्यार्थी मित्रहो, त्या वाटेनें चालण्याची तयारी असेल तर पदवीसाठीं अडून राहण्याचें कारण नाहीं. ती नसेल, तर बी. ए. चीं तीन वर्षें हीच एम. ए. ची सर्वांत जवळची वाट होय.