पाच थर आणि एक विमान

सकाळी ७. बुलढाणा घाटावर, म्हणून या वेळी हवा गार. खाली मलकापूर-खामगावात एव्हाना घाम सुटायला लागलेला असतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी लोणारचं मॉडेल करतोय. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास. एकास तीन हजार प्रमाण धरलं की रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली फक्त ५. सरांना विहिरीसारखं खोल हवं होतं. म्हटलं, सर, ही परात आहे.

एकेक सेंटिमीटरचे पाच थर, फ्रिजच्या पॅकिंगमधल्या थर्माकोलचे, तापल्या तारेनं कापलेले. त्याला पांढरा फेविकॉलच. हात पातळ मारायचा. थर्माकोल पाणी शोषत नाही, बाहेरही जाऊ देत नाही. वर चार विटा.

१०. अ‍ॅक्रिलिकचं झाकण. इथं क्लोरोफॉर्म, म्हणून दारं-खिडक्या सताड उघडी. कडा कोरड्याच जुळवून चिकटपट्टी लावायची आणि सिरिंजची सुई फटीवर टेकवायची. द्रव आपसूक आत धावतो. चंदेरी दिसणारी रेघ नितळ होत जाते. जिथं चंदेरी राहिली, तिथं फट आहे. इतकी वर्षं झाली, ही रेघ बघायला मी अजून हातातलं काम थांबवतो.

एकदा घाईत इथं झटपट चिकटणारा ग्लू वापरला होता. त्याची वाफ ओलाव्यानं घट्ट होते आणि पांढरी होऊन बसते. बंद झाकणाच्या आत, ऐन उद्घाटनाला, लोणारवर धुकं! करणी माझीच.

दुपारी भाकर, झोप.

४. शेजारचा सातवीतला पोरगा विमानाचं किट घेऊन आला. "भाऊ, हे कायनं चिकटते?" फेविक्विकनं लावलेला पंख धक्क्यानं टकदिशी निघाला होता. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन, म्हणजे न फुगवलेला थर्माकोलच. सकाळच्या कातरणावर किटच्या ग्लूचा एक थेंब सोडला. बघता बघता खड्डा.

"म्हंजे हे प्लास्टिक खाते काय?"

खाते, म्हणूनच जोडते. दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो, उरतं ते एकच प्लास्टिक. जुना ग्लू पॉलिशपेपरनं घासून काढला, ब्रशनं नवा लावला, सांध्यातून बारीक ओघळ येईतो दाबून धरायला सांगितलं. ओघळ पुसायचा नाही, वाळल्यावर खरवडायचा. विमानाच्या काचेला मात्र पुन्हा फेविकॉल. धुकं धरत नाही.

तासाभरात तो घरची चिरलेली बादली घेऊन हजर. तळाशी त्रिकोणात ५. पॉलिप्रॉपिलीन.

"हे कायनं?"

"कायनंच नाही."

रात्री ९. विटा काढल्या. वरचे तीन पक्के. चौथा बोटानं ढकलला तर सरकतो. फेविकॉल जास्त झाला होता. विटा परत ठेवल्या.