युरियाची बादली ठेवायची कुठे?

मोठ्या ट्रॅक्टरच्या किंवा ऊसतोडणी हार्वेस्टरच्या निळ्या झाकणाच्या टाकीत जे ओततात, त्याला कोणी ‘युरिया’ म्हणतं, कोणी ‘डीईएफ’. नाव काहीही घ्या, शेडमध्ये त्याची बादली खताच्या गोणीशेजारी तरी जाते, नाही तर डिझेलच्या ड्रमशेजारी. त्याविषयीचे बहुतेक गैरसमज याच दोन शेजाऱ्यांकडून आलेले आहेत. ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, एवढाच त्याचा ऐवज. ते इंजिनात जातच नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरात त्याचा फवारा उडतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि पुढच्या उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर होतं. डिझेलमध्ये मिसळलं तर ॲव्हरेज वाढेल, ही समजूत म्हणूनच बिनबुडाची. ते सगळ्याच ट्रॅक्टरना लागतं असंही नाही. १ जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम ४’ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले, पण नायट्रोजन ऑक्साइडची कडक मर्यादा ५६ किलोवॉटच्या, म्हणजे साधारण ७५ अश्वशक्तीच्या पुढे सुरू होते.

“युरिया तो युरिया, गोणीतला पाण्यात विरघळवला की झालं,” हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. खताच्या युरियात बाययुरेट हा अनावश्यक घटक १.५ टक्क्यापर्यंत चालतो. त्याचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण केलं, तर बाययुरेट जवळजवळ ०.४९ टक्के भरू शकतं. डीईएफला मुभा आहे ०.३ टक्क्यांची. शिवाय आपल्याकडच्या खताच्या दाण्याला निंबोळी तेलाचं आवरण असतं. पाण्याची गोष्ट तर आणखी वाईट. पिण्याच्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असलं तरी भारतीय मानकाला ते मान्य आहे. डीईएफमध्ये किलोला अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. घरच्या आरओचं पाणीही या कसोटीला उतरेल याची खात्री नाही. हे क्षार नोझलवर आणि उत्प्रेरकावर थर धरतात. यावर काही मेकॅनिक रिफ्रॅक्टोमीटर दाखवतात: आकडा बरोबर ३२.५ आहे, मग अडचण काय? अडचण हीच, की ते उपकरण युरियाचं प्रमाण दाखवतं, कॅल्शियम किंवा निंबोळी तेल नाही. आणि अनुदानाचा युरिया शेतीबाहेरच्या कामाला वळवणं हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

डिझेलच्या सवयींचं नुकसान यापेक्षा गुपचूप होतं. तोच लोखंडी ड्रम, तोच पितळी कॉक, तेच तेलकट नरसाळं. डीईएफ तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा यांना खातं आणि तो धातू आपल्यात विरघळवून घेतं. द्रव दिसायला मात्र नितळच राहतो. एचडीपीई प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील, आणि नरसाळं व हातपंप फक्त याच कामाचे, एवढं पाळलं तरी पुष्कळ होतं. झाकणाभोवती जमणारे पांढरे खडे पाहून माल भेसळीचा असल्याची शंका घेतात, ती उगाच. सांडलेल्यातलं पाणी उडालं की युरिया उरतो. तो ओल्या फडक्याने पुसावा, कारण वायरिंगच्या तांब्याला तो चांगला नाही. आणि डीईएफच्या टाकीत चुकून डिझेल पडलं, तर चावीसुद्धा फिरवू नये. पंपाने ते ओढायच्या आत टाकी रिकामी करणं बरंच स्वस्त पडतं.

थंड देशांतल्या सूचनांचा भर गोठण्यावर असतो, कारण उणे ११ अंशाला ते गोठतं. आपला शत्रू उन्हाळा. आयएसओ २२२४१ या मानकानुसार साठवणीचं तापमान सतत १० अंशांपर्यंत असेल तर ते ३६ महिने टिकतं, २५ अंशांपर्यंत १८, ३० अंशांपर्यंत १२ आणि ३५ अंशांपर्यंत जेमतेम ६. त्यापुढे वापरण्याआधी तपासून घ्यावं, एवढंच मानक सांगतं. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातली पत्र्याची शेड याच ‘पुढे’ मोडते. उष्णतेने युरियाचं विघटन होऊन अमोनिया सुटतो, आणि झाकण सैल असेल तर पाणीही उडत राहतं. यावर आक्षेप ठरलेला: ट्रकवाले कॅन उन्हात घेऊन फिरतात, त्यांचं काही बिघडत नाही! नाहीच बिघडणार, कारण त्यांचा कॅन चार दिवसांत संपतो. डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के डीईएफ लागतं, त्यामुळे गाळप हंगामात हार्वेस्टरचाही साठा अंगावर राहत नाही. प्रश्न एप्रिलनंतरचा आहे. यंत्र उभं राहतं, टाकीत आणि अर्ध्या बादलीत उरलेलं तसंच पावसाळा काढतं आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा वापरात येतं. मोठा ड्रम लिटरमागे स्वस्त पडतो हे खरं, पण तो हंगाम संपायच्या आत संपणार असेल तरच. मार्चपासून लहान, सीलबंद कॅन घ्यावेत, घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि ते उन्हाच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. मे-जून काढलेलं उरलंसुरलं नव्या बादलीत ओतून खपवण्याचा मोह होतो. पण त्याने नवी बादलीही शंकास्पद होते, आणि ती किती बिघडली हे शेडमध्ये मोजायला साधन नसतं.