कोड तुमचा, मग किल्ली कुणाची?

"माझं अ‍ॅप मला न विचारता तिथे गेलंच कसं?" मुक्त स्रोत अ‍ॅप लिहिणारे बरेच जण हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. तिथे म्हणजे एफ-ड्रॉइडवर. अँड्रॉइडच्या मुक्त अ‍ॅप्सचे हे भांडार २०१० पासून चालू आहे आणि त्याचा भार मुख्यतः स्वयंसेवकच उचलतात.

गैरसमज: भांडारात दिसते ते प्रत्येक अ‍ॅप डेव्हलपरनेच टाकलेले असते.

ही प्ले स्टोअरची सवय. एफ-ड्रॉइडवर कुणीही अ‍ॅप सुचवू शकतो. भांडार मूळ कोड घेते, आपल्या यंत्रावर अ‍ॅप बांधते आणि बहुतेक वेळा त्यावर स्वतःच्या डिजिटल किल्लीने सही करते. म्हणूनच प्ले स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपवर एफ-ड्रॉइडचे तेच अ‍ॅप सहसा चढत नाही. सही जुळली नाही की अँड्रॉइड अडवतो. मग जुने अ‍ॅप काढावे लागते आणि त्याबरोबर आतला डेटाही जातो. हिशेबाचे किंवा टिपणांचे अ‍ॅप बदलणार असाल, तर आधी बॅकअप घ्याच.

गैरसमज: न विचारता वाटणे म्हणजे चोरी.

जीपीएल किंवा अपाचेसारखा मुक्त परवाना लावताना लेखकाने स्वतःच वाटपाची मुभा दिलेली असते. प्रसिद्ध झालेल्या कोडची मुभा मागाहून काढून घेता येत नाही. कॉपीराइट मात्र त्याच्याकडेच राहतो. शिवाय एफ-ड्रॉइडचा नियम परवान्याच्या पुढे जातो: मूळ लेखकाला कळवावे, आणि त्याचा विरोध नसावा. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

नावाचा हक्क (ट्रेडमार्क) वेगळा, आणि तो डेव्हलपरच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीने फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे बदल केले तेव्हा त्याच्या निर्मात्या मोझिलाने नाव वापरण्याला हरकत घेतली. २००६ पासून डेबियनला तो ब्राउझर 'आइसवीझल' म्हणून द्यावा लागला. २०१६ मध्ये समेट झाला आणि मूळ नाव परतले. एफ-ड्रॉइडवर फायरफॉक्सच्या कोडवर बांधलेला ब्राउझर 'फेनेक' नावाने मिळतो, त्यामागेही हेच कारण.

गैरसमज: एकदा भांडारात गेले की अ‍ॅप डेव्हलपरच्या हातचे जाते.

भांडारातल्या प्रत्येक अ‍ॅपची एक छोटी मजकूर-फाइल असते. तीत बऱ्याचदा एक ओळ सापडते: 'अपडेट-चेक-मोड: टॅग्ज'. म्हणजे डेव्हलपर आपल्या गिटमध्ये, म्हणजे कोडच्या नोंदवहीत, आवृत्तीचा टॅग (खूण) लावेल, तेव्हाच नवी आवृत्ती बांधायला घेतली जाईल. अ‍ॅपचे वर्णन आणि स्क्रीनशॉटही त्याने कोडसोबत ठेवलेल्या फोल्डरमधून उचलता येतात. भांडाराने बांधलेले अ‍ॅप डेव्हलपरच्या अ‍ॅपशी सही वगळता तंतोतंत जुळले, तर ते त्याच्याच सहीने वाटता येते. हेही नको असेल तर त्याने स्वतःचे भांडार उभारावे. त्याची साधने मोफत आहेत.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नाही. अ‍ॅप जाहिराती दाखवत असेल किंवा वापरकर्त्यावर पाळत ठेवत असेल, तर भांडार तशी चिठ्ठी लावते आणि ती डेव्हलपरच्या मर्जीने निघत नाही. निघूही नये. ती वापरणाऱ्यासाठी आहे.

आणि प्ले स्टोअरवर किल्ली पूर्णपणे आपलीच, हाही भ्रम आहे. ऑगस्ट २०२१ पासून तिथे नवे अ‍ॅप बंडल स्वरूपात द्यावे लागते आणि फोनवर पोचणाऱ्या फाइलवर सही गूगल करते.

डेव्हलपरची खरी व्यथा जुन्या आवृत्त्यांची आहे. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमचे लेखक जेमी झविन्स्की यांनी २०१६ मध्ये डेबियनवर उघड राग काढला, कारण त्यांनी केव्हाच दुरुस्त केलेल्या चुकांच्या तक्रारी डेबियनने दिलेली जुनी आवृत्ती वापरणारे लोक त्यांनाच पाठवत होते. तेव्हा तक्रार लिहिताना दोन गोष्टी न विसरता नोंदवा: अ‍ॅप कुठून घेतले आणि आवृत्ती कोणती.